जांभळ्याचं झालं पिवळं... म्हणून काय कॅन्सर पळाला?

तुमच्या डेस्कवर आत्ता काय काय आहे, जरा बघा. कॉफीचा मग, मोबाइलचा चार्जर आणि हमखास एखादं पाकीट, ज्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं, 'रिच इन अँटिऑक्सिडंट्स'! ग्रीन टी असेल, डार्क चॉकलेट असेल, आवळा कँडी असेल, नाहीतर आईने बळेच बॅगेत कोंबलेली गुळवेलीच्या रसाची बाटली. आपल्या पिढीने अर्थ न विचारता वापरलेल्या शब्दांची यादी केली, तर 'स्ट्रेस' आणि 'डेटॉक्स'च्या मधोमध 'अँटिऑक्सिडंट' आरामात बसेल.

पण हा शब्द पाकिटावर येतो कुठून? कुणीतरी कुठल्यातरी लॅबमध्ये कुठलंतरी पान वाटून त्याची टेस्ट घेतलेली असते. आणि बऱ्याचदा त्याच्या मागोमाग दुसरा, त्याहून वजनदार शब्द येतो... 'अँटिकॅन्सर'. पहिल्या शब्दापायी फार तर तुमचे दोन-तीनशे रुपये जातात. दुसऱ्यापायी माणूस जाऊ शकतो. म्हणूनच हा सगळा फंडा एकदा नीट समजून घ्यायला हवा.

पोहरादेवीची पुडी

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मूळची मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची. एक दिवस लंचला तिने माझ्यासमोर एक पत्रक ठेवलं. वर दोन टेस्टट्यूब्जचा फोटो, एक जांभळी, एक पिवळी. खाली लिहिलेलं, 'लॅब टेस्टेड, अँटिऑक्सिडंट, अँटिकॅन्सर'. वनस्पतीचं नाव नाही, लॅबचं नाव नाही. तिच्या मामांना गालाच्या आत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं, लवकर सापडलंय, ऑपरेशन करून टाका. मामांचं म्हणणं, "आधी तीन महिने ही मुळी घेतो, मग बघू."

"तू केमिस्ट्रीवाली ना? हे खरं की खोटं, तेवढं सांग," मैत्रीण म्हणाली.

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून पुढे लिहिण्याच्या धंद्यात आलेली बाई. टेस्टट्यूब्जचा तो फोटो कशाचा, ते बघताक्षणी कळलं. पण समोरचा प्रश्न टेस्टट्यूबचा नव्हताच, मामांच्या तीन महिन्यांचा होता. रामनवमीच्या सुमारास आम्ही दोघी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. कारंजा, मानोरा आणि पोहरादेवी.

वाशीम जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला लांबलांबच्या तांड्यांवरून माणसं येतात. ऑक्टोबर २०२४मध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, तेही चक्क नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत. बाहेर 'जय सेवालाल'चा गजर, प्रसादाची दुकानं, काचा लावलेल्या फेट्या-कांचळ्यांचे लाल-पिवळे रंग. आणि एका कडेला जडीबुटीवाल्यांची पालं. फडक्यावर हिरडा, बेहडा, मुरडशेंग, अर्जुनाची साल, गुळवेलीचे तुकडे, काळाकुट्ट बिब्बा. मामांची पुडी अशाच एका पालावरून आलेली.

मी तिथे हसायला गेले नव्हते आणि हसण्यासारखं काही नव्हतंही. मैत्रिणीच्या याडीला, म्हणजे आईला, तान्ह्या बाळाचं पोट दुखलं की मुरडशेंग किती उगाळायची हे तोंडपाठ आहे. बिब्ब्याला तर ती सुनेला हातही लावू देत नाही. "उतला तर अंगभर फोड येतील," हे तिचं वाक्य म्हणजे सेफ्टी मॅन्युअलच की! कोणतं झाड, किती, कुणाला चालत नाही, ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या पारखून जपलेली आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करायला सांगितलं, ते याच ज्ञानासाठी. गडबड होते ती पुढे. पोटदुखीचा अनुभव कॅन्सरला चिकटवला जातो आणि त्यावर 'लॅब टेस्टेड'चा शिक्का बसतो तेव्हा.

फिल्टर कॉफीसारखंच, पण...

तर ही लॅब टेस्ट असते कशी? राज्यातल्या कितीतरी कॉलेजांच्या बॉटनी, केमिस्ट्री आणि फार्मसी विभागांत हे काम चालतं. पद्धत साधारण ठरलेली. आधी झाड ओळखायचं, त्याची फांदी कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट करायची. पाला-साल सावलीत वाळवायची, भरड दळायची. मग ती सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात घालायची. फ्रांझ फॉन सॉक्सलेट या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८७९मध्ये दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी बनवलं होतं. काम फिल्टर कॉफीसारखंच, फक्त तेच द्रावण पुन्हा पुन्हा वाफ होऊन पुडीवर टपकत राहतं. शेवटी द्रावण उडवून लावलं की तळाशी उरतो डांबरासारखा चिकट अर्क.

आता पहिली मेख इथेच आहे. द्रावण कोणतं? लॅबमध्ये ते बहुतेक वेळा मेथनॉल, क्लोरोफॉर्म किंवा हेक्झेन असतं, कारण ज्याला जे विरघळतं तेच त्यात उतरतं. मामा घरी काय करत होते? मुळी पाण्यात उकळून काढा. म्हणजे लॅबमध्ये तपासलेली गोष्ट एक आणि मामांच्या पेल्यातली दुसरीच! झाड तेच असलं तरी.

जांभळ्याचं पिवळं

पत्रकावरचा फोटो होता डीपीपीएच टेस्टचा. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८मध्ये मांडलेली ही पद्धत इतकी सोपी आणि स्वस्त आहे की एम.एस्सी.चं पोरगंही एका दुपारी करू शकतं. डीपीपीएच हे गडद जांभळं रसायन, एक फ्री रॅडिकल. म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडलाय आणि जोडीदार शोधतोय असा रेणू. त्यात अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कातल्या पदार्थांनी त्याची गरज भागवली की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. मशीनवर ५१७ नॅनोमीटरला रंग किती उतरला ते मोजायचं, शेजारी व्हिटॅमिन सी ठेवून तुलना करायची. झालं!

बघायला भन्नाट वाटतं. पण यातून सिद्ध काय होतं? इतकंच की या अर्कात इलेक्ट्रॉन देणारे पदार्थ आहेत. आवळ्यात आहेत, डाळिंबाच्या सालीत आहेत, तुमच्या टपरीवरच्या चहापत्तीतही आहेत. ही टेस्ट पास न होणारं झाड शोधणंच अवघड. शिवाय डीपीपीएच हा रेणू आपल्या शरीरात नसतोच. पोटातली पचनक्रिया, लिव्हर, रक्त यातलं काहीही त्या ट्यूबमध्ये नसतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याने पूर्वी कोणत्या पदार्थात किती 'अँटिऑक्सिडंट ताकद' आहे याचा तक्ता प्रसिद्ध केला होता. कंपन्यांनी तो जाहिरातींत मनसोक्त वापरला. २०१२मध्ये खात्याने तो तक्ता मागे घेतला. टेस्टट्यूबमधल्या आकड्यांवरून माणसाच्या तब्येतीबद्दल काही सांगता येत नाही, हे एक कारण. त्यांचा होणारा गैरवापर, हे दुसरं.

आणि फिनलंडमध्ये जे झालं...

लॉजिक तर झकास होतं. फ्री रॅडिकल्स डीएनए बिघडवतात, बिघडलेल्या डीएनएतून कॅन्सर होतो, म्हणजे अँटिऑक्सिडंट दिलं की कॅन्सर टळणार. मग हे माणसांवर तपासूनच बघू, असं ठरलं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना बीटा कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना नुसती खोटी गोळी. १९९४मध्ये निकाल आला तेव्हा सगळे चाट पडले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी नाही, १८ टक्क्यांनी जास्त झाला होता! अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी जानेवारी १९९६मध्ये मध्येच थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. २०११मध्ये व्हिटॅमिन ईच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

का? एक कारण असं की कॅन्सरची पेशीसुद्धा शेवटी पेशीच. अँटिऑक्सिडंटची ढाल आपल्याला मिळते तशी तिलाही मिळू शकते. त्यात रेडिएशन आणि काही केमोची औषधं फ्री रॅडिकल्स तयार करूनच गाठ मारतात. म्हणूनच ट्रीटमेंट चालू असताना डॉक्टर सप्लिमेंट्सना नाक मुरडतात. गाजर खा, संत्रं खा, त्याला कुणाची ना नाही. प्रश्न गोळीत आणि अर्कात कोंबलेल्या डोसचा आहे.

थोडक्यात, 'अँटिऑक्सिडंट' म्हणजे 'अँटिकॅन्सर' नव्हे. पत्रकावर दोन्ही शब्द शेजारी छापले म्हणून ते भाऊभाऊ होत नाहीत.

प्लेटमधली पेशी

मग अँटिकॅन्सर टेस्ट वेगळी असते का? असते, आणि महाराष्ट्रात ती करण्याची चांगली सोय आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. तिथल्या साठ्यातून संशोधकांना कॅन्सरच्या पेशी मिळतात. यातली सगळ्यात प्रसिद्ध 'हेला' पेशी, १९५१मध्ये अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या. बाई त्याच वर्षी गेली, पेशी आजही वाढतायत. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं 'अ‍ॅक्ट्रेक' आहे. गावोगावच्या कॉलेजांतले अर्क तपासणीसाठी तिथेही जात आलेत.

९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी वाढवतात, अर्काचे वेगवेगळे डोस घालतात, दोनेक दिवसांनी रंग घालून किती पेशी उरल्या ते मोजतात. अ‍ॅक्ट्रेकची फूटपट्टी अशी की पेशींची वाढ निम्म्यावर आणायला अर्क दर मिलीलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी लागला तरच तो परिणामकारक म्हणायचा. शुद्ध पदार्थ असेल तर १०. त्याहून जास्त लागला तर साभार परत. डोस वाढवत नेला की मिठानेही पेशी मरतात आणि दारूनेही! म्हणून दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा : निरोगी पेशींचं काय झालं? दोन्ही सारख्याच मरत असतील तर ते औषध नाही, विष आहे.

आणि समजा अर्क इथेही पास झाला, तरी ती २० मायक्रोग्रॅमची पातळी रक्तात गाठायची कशी? आपल्या लाडक्या हळदीचंच उदाहरण घ्या. प्लेटमध्ये हळदीतल्या कर्क्युमिनने भल्याभल्या पेशी लोळवल्या आहेत. पण तैवानमध्ये माणसांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं (निकाल २००१चा), तेव्हा रक्तात ते दर मिलीलिटरला १ मायक्रोग्रॅमही चढलं नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद फाकावी लागेल. करा हिशोब!

नंदुरबारचा मनसुख

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे झाडपाला सगळा बकवास? अजिबात नाही. उलट हा भाग मला सगळ्यात आवडतो.

तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागलेली सदाफुली आठवा. मूळची मादागास्करची. १९५२मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून तिची पानं आली; तिथे लोक ती डायबेटिसवर घ्यायचे. उंदरांची शुगर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तो धागा सोडला नाही. सदाफुलीतून विनब्लास्टिन निघालं, मागोमाग दुसऱ्या लॅबमधून विनक्रिस्टिन. १९६३पासून वापरात असलेलं विनक्रिस्टिन लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर आजही दिलं जातं. पण म्हणून सदाफुलीचा काढा पिऊ नका. हे रसायन पानांत इतकं कमी असतं की काही ग्रॅमसाठी टनावारी पाला लागतो, आणि बाकीचा पाला विषारी आहे.

दुसरी गोष्ट तर आपल्या मातीतलीच. मनसुख वाणी, जन्म १९२५, गाव नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९६२मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मनरो वॉल यांच्यासोबत कामाला लागले. या जोडीने १९६६मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं आणि १९७१मध्ये पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. कॅन्सरवरची दोन घराणीच म्हणा ना! ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरवर टॅक्सॉल लाखो रुग्णांना मिळालंय. वाणी २०२०मध्ये ९५व्या वर्षी गेले. नंदुरबारमध्ये किती जणांना हे नाव माहीत असेल?

वेळ बघा पण. यूची साल पहिल्यांदा गोळा झाली १९६२मध्ये, औषधाला मंजुरी मिळाली डिसेंबर १९९२मध्ये. तीस वर्षं! अमेरिकेच्या ज्या सरकारी मोहिमेतून हे निघालं, तिने १९६० ते १९८१ या काळात सुमारे १ लाख १४ हजार अर्क तपासले. त्यातून जगभर गाजलेली औषधं निघाली ती बोटावर मोजण्याइतकी. कॅम्प्टोथेसिनच्या पहिल्या चाचण्या तर रुग्णांना फार त्रास झाला म्हणून सत्तरच्या दशकात बंद पडल्या. त्याच्या सुधारित आवृत्त्या यायला नव्वदचं दशक उजाडलं.

आणि याची एक काळी बाजूही आहे. तेच कॅम्प्टोथेसिन भारतातल्या एका झाडात भरपूर असल्याचं १९७२मध्ये कळलं. सह्याद्रीत, आंबोली-चंदगडच्या जंगलांत वाढणारी आपली नरक्या. वास घाण म्हणून नाव नरक्या. कुणी ढुंकून बघत नव्हतं तोवर झाड सुखात होतं. भाव कळल्यावर ट्रकच्या ट्रक तुटले. एका झाडाला 'अँटिकॅन्सर' म्हणताना हाही विचार करावा लागतो.

मामांना काय सांगितलं

तांड्यावर संध्याकाळी खाटेवर बसून मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पोरी, झाडात दम नाही म्हणतेस?"

"आहे ना मामा. दवाखान्यातल्या कितीतरी बाटल्यांतही झाडच आहे. फक्त ते मोजून भरलेलं आहे."

मग मी त्यांना एक आकडा सांगितला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरचे २८१ रुग्ण तपासले, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तर साडेपाच पटींहून जास्त. म्हणजे मुळीने काही वाईट केलं नाही तरी तिच्यात गेलेला वेळ वाईट करतो. गाठ तीन महिने थांबत नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. पुडी त्यांनी फेकली नाही, कोनाड्यात ठेवली. पण आठवडाभरात ऑपरेशनची तारीख घेतली आणि डॉक्टरांना पुडीबद्दल स्वतःहून सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. ऑपरेशन होईपर्यंत सगळे काढे बंद, एवढंच म्हणाले.

'नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?' हा युक्तिवाद मी ऑफिसातही रोज ऐकते. २०२०मध्ये कोविडच्या धास्तीने सगळ्यांनी गुळवेल प्यायला सुरुवात केली, तेव्हाची गोष्ट. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये केली. आयुष मंत्रालयाने ही वेल वेगळी असू शकते म्हणून आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. ज्या वेलीत लिव्हरवर परिणाम करण्याची ताकद आहे, तिला 'साइड इफेक्ट नाहीत' असं म्हणता येत नाही.

पुढच्या वेळी बाटली हातात घ्याल तेव्हा...

* 'लॅब टेस्टेड' म्हणजे कशावर? टेस्टट्यूबमध्ये, प्लेटमधल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? चौथं उत्तर नसेल तर पाकिटावरचा दावा फक्त एक आशा आहे.
* अर्क कशातला? मेथनॉलमधल्या अर्काचा निकाल तुमच्या काढ्याला लागू होत नाही.
* आकडा किती? 'पेशी मेल्या' हे उत्तर नव्हे. किती डोसला मेल्या आणि निरोगी पेशींचं काय झालं, ते विचारा.
* 'कॅन्सर बरा करतो' असं लिहिलंय? आक्षेपार्ह जाहिरातींच्या १९५४च्या कायद्याप्रमाणे कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. अशी बाटली तिथेच ठेवा.
* घरात कुणाची ट्रीटमेंट चालू आहे? मग काढा, चूर्ण, सप्लिमेंट जे काही असेल ते डॉक्टरांना दाखवा. लपवू नका. आणि ते घेतात म्हणून त्यांच्यावर ओरडूही नका. ओरडलात तर ते तुमच्यापासूनही लपवतील.

ग्रीन टी आवडत असेल तर जरूर प्या. चवीसाठी प्या, चार वाजताच्या आळसासाठी प्या. आणि गावाकडच्या एखाद्या कॉलेजात कुणी पोरगी झाडाच्या सालीचा अर्क घेऊन रात्री उशिरापर्यंत प्लेटमधल्या पेशी मोजत बसली असेल, तर तिला मनापासून दाद द्या. पुढचा मनसुख वाणी तिच्यातून निघू शकतो. फक्त तिच्या टेस्टट्यूबचा फोटो पुडीवर चिकटवण्याआधी तिचं काम पूर्ण होऊ द्या.